सुईजवळचे रोहित्र

(लखनौ येथे जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांपुढे केलेले भाषण)



लखनौच्या पसंदबागेत बेगम अख्तर ह्यांची कबर आहे. शेजारीच त्यांच्या आईची. फैजाबादला १९१४ साली जन्मलेल्या ह्या गायिकेचे ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अहमदाबादला निधन झाले, आणि त्यांना आपल्या ह्या शहरात आणून मातीआड करण्यात आले. त्यांच्या गाण्याविषयी जाणकार बोलू लागले, की एका शब्दापाशी हमखास येतात. तो शब्द म्हणजे 'पत्ती'. वरच्या स्वरावर जाताना त्यांचा आवाज क्षणभर चिरल्यासारखा होई. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत जो गळ्याचा दोष ठरला असता, त्याच्यासाठी त्यांच्या मैफलीतले लोक जीव टाकीत. विवाहानंतर काही वर्षे मुके राहिलेले हे गाणे १९४९ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेही लखनौच्या आकाशवाणी केंद्रावरून.

ह्याच शहरात १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या पुढाकाराने 'मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्थानी म्युझिक' उघडले. मुंबईच्या वाळकेश्वरला जन्मलेल्या आणि वकिलीचे शिक्षण घेतलेल्या ह्या माणसाने देशभर हिंडून, कधी आर्जवे करून तर कधी वाद घालून, घराण्याघराण्यांतल्या बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीत उतरवल्या. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर ह्यांनी प्राचार्य म्हणून त्या संस्थेला दीर्घकाळ वळण दिले. आज ती भातखंड्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. त्या स्वरलिपीने किती बंदिशी वाचवल्या ह्याची गणती नाही. परंतु पत्ती स्वरलिपीत लिहिता येत नाही. कोणता स्वर, कितव्या मात्रेवर, किती काळ, एवढे कागद सांगतो. तो स्वर कसा चिरला हे कागदाला सांगता येत नाही. ते फक्त तबकडीच्या खाचेत आहे. तेव्हा खाचेतून कानापर्यंतच्या प्रवासात ते वाटेत कोठे सांडले, तर दुसरीकडे कोठेही त्याची नोंद नाही. आजच्या विषयाचे महत्त्व आहे ते ह्या कारणामुळे. एरवी एका लोखंडी डबीवर तासभर बोलण्याचे प्रयोजन नव्हते.

ती डबी म्हणजे दाब वाढवणारे छोटे रोहित्र, बोलीभाषेत स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. रस्त्याच्या कडेला खांबांवर बसवलेल्या अवाढव्य रोहित्राचाच हा भाऊबंद. फरक इतकाच, की त्याचे काम हजारो व्होल्टांशी आणि ह्याचे काम एका व्होल्टाच्या काही सहस्रांशांशीही नव्हे, तर त्याहून कमी दाबाशी.

हा दाब इतका कमी का, हे समजण्यासाठी सुईपासून सुरुवात करावी लागते. सुई जिला जोडलेली असते त्या लहानशा डबीला कार्ट्रिज म्हणतात. खाचेच्या वळणांबरोबर सुई थरथरते आणि त्या थरथरीचे विजेत रूपांतर करणे हे कार्ट्रिजचे काम. त्याच्या दोन मुख्य जाती आहेत. पहिल्या जातीत सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला इवलासा चुंबक असतो व तो स्थिर वेटोळ्यांपुढे हलतो. ही 'मूव्हिंग मॅग्नेट' म्हणजे चल-चुंबक जात. दुसरीत चुंबक जागच्या जागी राहतो आणि केसाहून बारीक तारेची वेटोळीच सुईबरोबर हलतात. ही 'मूव्हिंग कॉइल' म्हणजे चल-वेटोळ्याची जात. हलणारा भाग जितका हलका, तितका तो खाचेच्या बारीक वळणांमागे अधिक इमानाने धावतो. म्हणून चल-वेटोळ्याच्या कार्ट्रिजमध्ये तारेचे वेढे मोजकेच ठेवतात. परंतु वेढे कमी म्हणजे निर्माण होणारा दाबही कमी. चल-चुंबक कार्ट्रिज साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट दाब देते. चल-वेटोळ्याचे कार्ट्रिज ०.२ ते ०.५ मिलिव्होल्टवर थांबते, म्हणजे ढोबळमानाने दहावा हिस्सा.

डेन्मार्कमधील ऑर्टोफॉन कंपनीने १९५९ साली काढलेले 'एस.पी.यू.' आणि जपानच्या राष्ट्रीय नभोवाणीच्या सहकार्याने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत घडवलेले डेनॉन कंपनीचे 'डी.एल. १०३' ही ह्या जातीची दोन प्रसिद्ध उदाहरणे. त्यांचे वंशज आजही तयार होतात. डी.एल. १०३ चा जन्म घरगुती हौसेसाठी नव्हे, तर नभोवाणी केंद्रातल्या दिवसरात्रीच्या राबत्यासाठी झाला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याचा दाब सुमारे ०.३ मिलिव्होल्ट आणि वेटोळ्याचा अंगचा रोध सुमारे ४० ओहम. हे दोन आकडे पुढे हिशेबासाठी लागणार आहेत.

घरातल्या विवर्धकावर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर, तबकडीसाठी जे प्रवेशद्वार असते ते चल-चुंबक कार्ट्रिज गृहीत धरून बांधलेले असते. त्याला काही मिलिव्होल्टांची अपेक्षा असते आणि त्याचा रोध ४७,००० ओहम हा जवळजवळ सर्वत्र ठरून गेलेला आकडा आहे. तेथे ०.३ मिलिव्होल्ट नेऊन जोडले तर गाणे येते, पण दुरून आल्यासारखे. मग माणूस आवाजाची कळ फिरवतो. कळ फिरवल्याने गाणे वाढते, तशी विवर्धकाच्या पहिल्या टप्प्याची अंगची खरखरही वाढते, आणि पत्ती जेथे असायला हवी तेथे पावसाच्या सरीसारखा आवाज ऐकू येतो. निर्वात नळ्यांच्या, म्हणजे व्हॉल्व्हच्या, काळात ही अडचण फार मोठी होती. म्हणून त्या काळी चल-वेटोळ्याच्या कार्ट्रिजबरोबर रोहित्र हे असायचेच.

रोहित्राचे तत्त्व मायकेल फॅरडे ह्याने २९ ऑगस्ट १८३१ रोजी लंडनमध्ये दाखवून दिले. लोखंडाच्या कड्यावर दोन वेटोळी गुंडाळावीत. एकातला प्रवाह बदलला की दुसऱ्यात, कोठेही तारेचा संबंध नसताना, दाब उत्पन्न होतो. दुसऱ्या वेटोळ्यात वेढे दसपट असतील तर दाबही दसपट. ह्याला वीज पुरवावी लागत नाही, ह्यात निर्वात नळी नाही की ट्रान्झिस्टर नाही, म्हणून त्यांची खरखरही नाही. येथपर्यंत ऐकणाऱ्याला हे जादूसारखे वाटते, आणि घोटाळ्याला सुरुवात होते ती नेमकी येथेच.

कारण रोहित्र काहीही निर्माण करीत नाही. पहारीने धोंडा उचलणाऱ्याला हे निराळे सांगायला नको. पहारीचे लांब टोक हातभर खाली जाते तेव्हा धोंडा बोटभर वर येतो. जोर वाढतो, पण अंतराच्या बदल्यात. रोहित्रात दाब दहापट झाला तर प्रवाह दहावा हिस्सा होतो. ह्याचा परिणाम असा, की पलीकडच्या ४७,००० ओहमांचा भार अलीकडच्या कार्ट्रिजला तेवढा दिसत नाही. दाब दहापट वाढवणाऱ्या रोहित्रातून तो दहाच्या वर्गाने, म्हणजे शंभराने भागून दिसतो : ४७० ओहम. वीसपट रोहित्रातून चारशेने भागून : सुमारे ११८ ओहम. तीसपटीतून नऊशेने भागून : सुमारे ५२. चाळीसपटीतून फक्त २९.

आता डी.एल. १०३ चे ते दोन आकडे घ्यावेत. कार्ट्रिजचा अंगचा रोध ४० ओहम. म्हणजे निर्माण झालेल्या दाबातला काही भाग तेथेच खर्ची पडणार, आणि भार जितका जड तितका हा खर्च मोठा. दहापट रोहित्र लावले तर कागदावर ३ मिलिव्होल्ट मिळायला हवेत; प्रत्यक्षात मिळतात सुमारे २.८. तोटा नगण्य. वीसपटीने कागदावर ६, हाती साडेचार. तीसपटीने कागदावर ९, आणि हाती पडतात जेमतेम ५.१. चाळीसपटीचे रोहित्र आणले तर कागदावर १२ मिलिव्होल्ट दिसतात. हाती येतात तेच ५.१, किंबहुना केसभर कमीच. पैसे मोजून आणलेले जास्तीचे वेढे नुसता भार वाढवतात. ह्या हिशेबात रोहित्राच्या तारेचा स्वतःचा रोध धरलेला नाही. तो धरला तर चित्र आणखी थोडे खाली येते.

हा हिशेब मुद्दाम इतका उलगडून मांडला, कारण ह्या बाबतीत होणारी बहुतेक फसगत येथे होते. दुकानदार पट सांगतो, गिऱ्हाईक मोठा पट मागतो, आणि कार्ट्रिजचा रोध कोणी विचारीत नाही. एस.पी.यू.सारख्या कार्ट्रिजचा रोध अगदी थोडे ओहम असतो आणि दाबही ०.२ मिलिव्होल्टच्या आसपास. त्याला वीसपट किंवा तीसपट रोहित्र शोभून दिसते. त्याच रोहित्राला ४० ओहमांचे कार्ट्रिज जोडले की घुसमट होते. तेव्हा 'सर्वांत चांगले रोहित्र कोणते' ह्या प्रश्नाला उत्तर नाही. ह्या कार्ट्रिजला आणि ह्या विवर्धकाला कोणते, असे विचारले तर आहे. साधारण नियम असा सांगतात, की कार्ट्रिजला दिसणारा भार त्याच्या अंगच्या रोधाच्या निदान काही पट असावा. दहापट रोहित्रात डी.एल. १०३ ला तो जवळजवळ बारा पट मिळतो.

भार जड झाला की गाणे दबल्यासारखे लागते, असे अनेक रसिक सांगतात. त्यात कानाचा वाटा किती आणि मनाचा किती हे वेगळे काढणे कठीण आहे. आकडे मात्र मनावर अवलंबून नाहीत. उलट बाजूची चूकही होते. दाब अतोनात वाढवून दिला तर गायिका जोरात आली की विवर्धकाचा पहिला टप्पाच ओसंडून वाहतो आणि स्वर करकरू लागतो. खाचेतले जोराचे स्वर सरासरीच्या कितीतरी पट असतात, हे पट निवडताना विसरले जाते.

रोहित्राच्या गाभ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. एवढ्याशा दाबाला साध्या लोखंडाचा गाभा दाद देत नाही. त्यासाठी निकेल आणि लोखंड ह्यांची, ज्यात निकेलच तीन-चतुर्थांशाहून अधिक आहे अशी, म्यू-मेटल नावाची मिश्रधातू वापरतात. १९२० नंतरच्या दशकात ती पुढे आली ती समुद्रतळातून जाणाऱ्या तारायंत्राच्या केबलींच्या गरजेतून. गझलेशी तिचा संबंध पुढे यायचा होता. ही धातू नाजूक प्रकृतीची आहे. विशिष्ट रीतीने भट्टीत तापवून तिचे चुंबकीय गुण कमावलेले असतात, आणि डबी हातातून फरशीवर पडली तर ते कमी होतात. बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. चांगले आहे की नाही हे पाहण्यासाठी रोध मोजण्याचे मीटर वेटोळ्याला लावण्याचा मोहही आवरावा. मीटरचा एकदिश प्रवाह गाभ्याला चुंबकत्व देऊन बसतो. आणि गाभा तोकडा असेल, प्राथमिक वेटोळे पुरेसे नसेल, तर खर्जाचे स्वर गळतात. तबला ऐकून ह्याची परीक्षा होते : चाट नीट वाजते आणि डग्ग्याचा घुमारा मात्र पुठ्ठ्यावर थाप मारल्यासारखा येतो, तेव्हा रोहित्रावर संशय घ्यायला हरकत नाही.

आता गुणगुण. लखनौच्या घरात हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. उन्हाळ्यात कूलर चालू आहे, डोक्यावर पंखा आहे, दाबाच्या चढउतारामुळे स्टॅबिलायझर बसवलेला आहे, शिवाय इन्व्हर्टर. ह्यांतल्या स्टॅबिलायझरच्या पोटात रोहित्रच असते, विवर्धकाच्या पोटातही असते, आणि त्यांच्याभोवती सेकंदाला ५० वेळा हेलकावणारे चुंबकीय क्षेत्र पसरलेले असते. चुंबकीय क्षेत्र टिपून घेणे हा तर आपल्या छोट्या डबीचा धर्मच. बिचारी गायिकेचे क्षेत्र आणि कूलरचे क्षेत्र ह्यांत भेद कसा करणार?

त्यातच आणखी एक गोष्ट आहे. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबून आणि तारस्वर उचलून कोरतात, नाहीतर खर्जाच्या रुंद वळणांनी सगळी जागा खाल्ली असती. ऐकताना विवर्धक ह्याच्या बरोबर उलट करून तोल पुन्हा साधतो. १९५४ साली अमेरिकेत ठरलेला 'आर.आय.ए.ए.' वक्र तो हाच. त्यानुसार ५० हर्ट्झचा स्वर १,००० हर्ट्झच्या स्वराच्या मानाने जवळजवळ सात पट उचलला जातो. म्हणजे विजेची जी गुणगुण डबीत शिरली, ती पुढे सातपटीने सत्कार होऊन बाहेर पडते. म्हणून चांगल्या रोहित्राला म्यू-मेटलचेच वेगळे कवच घालतात. पण कवच हे छत्रीसारखे आहे. ओढ्यात उभे राहिल्यावर छत्रीचा उपयोग नसतो. विवर्धकाच्या डोक्यावर किंवा स्टॅबिलायझरच्या शेजारी ठेवलेले महागडे रोहित्र गुणगुणणारच.

त्याची जागा तबकडी-यंत्राजवळ, पण त्याच्या मोटरपासून दूर. त्यापुढची विवर्धकाकडे जाणारी तार मात्र आखूड असावी. ह्याचे कारणही तोच वर्गाचा नियम. पलीकडच्या तारेची विद्युत् धारणक्षमता अलीकडे येताना पटाच्या वर्गाने गुणून येते. दहापट रोहित्रातून शंभरपट. लांबलचक तार जोडली तर सारंगीच्या वरच्या झिळमिळाटावर त्याचा परिणाम होऊ शकतो. हाताच्या दांडीची भू-तार विवर्धकाच्या एकाच ठिकाणी जोडावी. दोन वाटांनी जमिनीला भेटलेली तार गुणगुणीला नवे अंगण करून देते.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दुसरा मार्ग नाही काय? आहे. १९७० नंतर कमी खरखरीचे ट्रान्झिस्टर मिळू लागले तसे चल-वेटोळ्यासाठी निराळे पूर्व-विवर्धक बनू लागले, आणि आजचे चांगले पूर्व-विवर्धक इतके शांत आहेत की रोहित्र आता सक्तीचे राहिलेले नाही. रोहित्राने आवाज गोड होतो असे म्हणणारे पुष्कळ आहेत. जुळणी नीट असेल तर रोहित्र जवळजवळ काही घालत नाही आणि काही काढत नाही; नीट नसेल तर त्यातल्या दोषालाही कोणी गोडवा म्हणू शकतो. बहुतेक घरांना चल-चुंबक कार्ट्रिज पुरेसे आहे, हे सांगताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्याच्याकडे जुने चल-वेटोळ्याचे कार्ट्रिज आहे, विवर्धकही जुना नळ्यांचा आहे, आणि बेगम अख्तर ह्यांच्या १९६० नंतरच्या दीर्घवादन तबकड्या बऱ्या स्थितीत आहेत, त्याने रोहित्राचा विचार जरूर करावा.

दीर्घवादन तबकड्या असे मुद्दाम म्हटले. कारण 'अख्तरीबाई फैजाबादी' ह्या नावाने निघालेल्या तीस-चाळीसच्या दशकांतल्या मुद्रिका मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या आहेत, आणि त्यांची गोष्ट वेगळी. त्यांची खाच रुंद असते. तिला ६५ ते ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. दीर्घवादन तबकडीची सुई ह्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. ती लाखेच्या खाचेत सोडली तर भिंतींना न टेकता तळच्या धुळीत लोळत जाते, आणि तो खरखराट मग रोहित्र प्रामाणिकपणे वाढवून देते. शिवाय आर.आय.ए.ए. वक्र ह्या मुद्रिकांच्या नंतरचा. त्यांचा तोल वेगळा साधावा लागतो. पोलादी सुईच्या पेटीवर शंभरदा वाजून ज्या खाचेतली पत्ती झिजून गेली, तेथे कोणत्याही रोहित्राला काही सापडणार नाही. लाखेच्या तबकड्यांसाठी योग्य सुईचे साधे चल-चुंबक कार्ट्रिज घ्यावे आणि दोन्ही वाहिन्या एकत्र जोडाव्यात. त्याने खाचेतली उभी हालचाल, म्हणजे नुसती खरखर, बरीच परस्पर खोडली जाते.

ज्यांनी रोहित्र आणलेच आहे त्यांनी रात्री, शेजारपाजारचे आवाज निवल्यावर, एक प्रयोग करावा. सुई तबकडीपासून उचललेली ठेवून आवाजाची कळ नेहमीच्या ऐकण्याइतकी फिरवावी. गुणगुण ऐकू येईल. मग रोहित्राची डबी हातात धरून हळूहळू फिरवावी. आडवी, उभी, तिरपी. एका विशिष्ट कोनात गुणगुण एकदम क्षीण होते, कारण त्या कोनात खोलीतले क्षेत्र वेटोळ्यांना आडवे जाते. तेथेच डबी पक्की करावी. त्यानंतर कूलर बंद करून पुन्हा एकदा ऐकावे. फरक पडला तर कूलरची जागा बदलावी, आणि फरक पडला नाही तर सुई खाली सोडावी.